चाखून गळाला लावणारा

माशाच्या तोंडात जायच्या आधी गोळी त्याच्या तोंडात जायची. कणकेत हिंग मळून झाला, गूळ पडला, की चिमूटभर जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा, आणि मग एक तर मान हलवायचा नाही तर थुंकायचा. थुंकला की सगळा गोळा घाटावरच्या कुत्र्यांना. मी म्हणायचो, "अरे, मासा खाणार आहे, तू नाही."

"मग? माशाला जीभ नाही का?"

माशाला जीभ असते की नसते ते मला आजही माहीत नाही. मी चौथी शिकलेला माणूस. पण त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. वाद घातला की तो कानटोपी कानांवर ओढायचा आणि नदीकडे तोंड करून बसायचा. कानटोपी मे महिन्यातसुद्धा. वर बुऱ्हाणपूरचं ऊन, खाली तापीची तापलेली वाळू, आणि हा लोकरीची टोपी घालून बसलेला.

नाव लिहीत नाही. नावानं हाक मारलेली त्याला चालायचीच नाही. आमच्याकडे भाऊचं भो होतं. कारखान्यात सगळे सगळ्यांना भो म्हणायचे, पण नुसतं "भो आला का?" विचारलं तर ते याच्याबद्दलच असायचं. कागदाच्या कारखान्यात आम्ही दोघं लगद्याच्या खात्यात होतो. दिवसभर बांबूचा लगदा बघायचा, रविवारी बांबूचीच काठी घेऊन नदीवर जायचं. रिटायर झाल्यावर मी मुलाकडे बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यात आलो, तोही मागोमाग तिथंच एक खोली घेऊन राहिला. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारायची कोणाची हिंमत नव्हती. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, तर म्हणाला, "वहिनी, मला रोज एकच गोष्ट दोनदा सांगता येत नाही." तिला ते इतकं पटलं की पुढं कितीतरी दिवस मला ऐकवत होती.

आता तो नाही आणि तीही नाही. आधी ती गेली, मग तो. मी उरलोय.

त्याच्या चाऱ्याला पैसा लागत नव्हता. गळाला जे लावतात त्याला आम्ही चाराच म्हणतो. केळीच्या गाड्या भरताना जो माल काळा पडला म्हणून टाकतात, तो हा उचलायचा. ढोरवाल्याकडून सरकीच्या ढेपेचा चुरा, घाण्यावरून शेंगदाण्याची पेंड. आणि कापूस. खिशात कायम कापसाचा बोळा. कणीक पाण्यात विरघळते, गळावरून सुटून जाते. म्हणून भिंतीच्या चिखलात भुसा घालतात तसे तो कणकेत कापसाचे तंतू मळायचा. मग गोळी सुटत नाही. मासा चोखत बसतो आणि फसतो. थंडीत गोळी मुगाएवढी, कारण थंडीत मासा आळशी असतो, मोठा घास बघून तोंड फिरवतो. गढूळ पाण्यात वास उग्र हवा, तेव्हा आंबलेली केळी. हे सगळं तो शिकवायचा नाही. बघून घ्यायचं. विचारलं तर म्हणायचा, "डोळे आहेत ना?"

एक त्याचा कायदा होता, त्यावरून पुष्कळ जण त्याला खुळा म्हणायचे. मासा तोंडात अडकला तरच त्याचा. कधी काय होतं, दोरा ओढताना गळ माशाच्या पोटाला नाही तर पंखाला लागतो आणि तसाच मासा वर येतो. असा आला की हा सोडून द्यायचा. केवढाही असो. एकदा हाताएवढा रोहू सोडला, तेव्हा मी शिव्याच दिल्या.

"त्यानं खाल्लं कुठं?" तो म्हणाला. "तो आपल्या वाटेनं चालला होता. खाल्लं त्याला धरायचं. जो वाटेनं चालला त्याला कशाला?"

"तुझ्या बापानं केला होता हा कायदा?"

"हो," म्हणाला, आणि खरंच बापानं केला असावा, कारण ते सांगताना तो हसला नाही.

अलीकडे घाटावर पोरं यायला लागली होती, फायबरची काठी, पाकिटातला चारा, एका हातात मोबाइल. एकानं याच्या डब्यात डोकावून विचारलं, "काका, इसमें क्या मिलाया है?"

"तुझ्या आजीची अक्कल."

"अरे, बताओ ना."

"ले, खाके देख." आणि चिमूट पुढं केली. पोरगं मागं सरकलं. हा म्हणाला, "बघ. तुला तुझ्या पाकिटातलं खाता येतं का? नाही ना? मग माशाला का देतो?" पोरानं हसून व्हिडिओ काढला. यानं टोपी ओढून घेतली.

माझी बायको आणि तो, दोघांची ओळख गुलगुल्यांवरून झाली. म्हणजे तोंडओळख होतीच, पण त्या दिवसापासून खरी. कारखान्याच्या क्वार्टरमधली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी यानं चारा मळून डबा माझ्याकडे ठेवला. त्याच्या खोलीत उंदीर होते. कणीक, काळी केळी, गूळ, बडीशेप. मी बायकोला सांगायला विसरलो. सकाळी तिनं डबा उघडला, वास घेतला आणि समजली की शेजारणीनं गुलगुल्याचं पीठ पाठवलं. त्या शेजारणीची तशी सवय होती. हिनं तेल तापवलं आणि घाणा काढला. मी उठलो तर ताटात गुलगुले. मी तीन खाल्ले. चौथ्यात दातांत काहीतरी ओढल्यासारखं झालं. धागा. ओढतोय तर निघतोच आहे.

तेवढ्यात हा दारात. "डबा दे."

बायकोनं रिकामा डबा बघितला, ताट बघितलं, माझ्या तोंडातला कापूस बघितला. "माय वं," म्हणाली आणि खालीच बसली.

त्यानं ताटातला एक गुलगुला उचलला, चावला, डोळे मिटले. आम्ही दोघं बघतोय. मग म्हणाला, "तळायला नको होतं वहिनी. गूळ करपतो." आणि दुसरा उचलला. तिला हसू आवरेना. "तुमच्या माशांची चैन आहे भाऊजी," म्हणाली, "आमच्या घरात एवढी बडीशेप मी कधी घातली नाही." त्या रविवारी मासे मिळाले नाहीत. पण तो माणूस, जो कोणाच्या घरी पाणी प्यायचा नाही, तो आमच्या ओट्यावर बसून ताट संपवून गेला.

मग ती आजारी पडली. पोटाचं दुखणं. इंदूरला नेलं, ठेवलं, परत आणलं. तिथला डॉक्टर म्हणाला, आता घरी न्या, मागतील ते खायला द्या. मागेल ते द्या, हे बोलायला सोपं. ती काही मागेचना.

सून चांगली आहे, तिनं दलिया केला, साबुदाण्याची खीर केली, मुगाचं पाणी केलं. मुलगा उशाशी बसून म्हणायचा, "आई, थोडंसं, बस दो चम्मच." मी चमचा घेऊन बसायचो. आधी गोडीनं, मग चिडून, मग हात जोडून. ती ओठ मिटून घ्यायची. दुसरा हट्ट तिनं जन्मात केला नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर बाई वाळत चालली होती आणि माझ्या हातात चमचा होता. बाकी काही मला तेव्हा दिसत नव्हतं. ती घासभर खाईल का, एवढंच. सकाळी उठून तेच, झोपताना तेच. मीही जेवत नव्हतो. ताट समोर आलं की तिचे मिटलेले ओठ दिसायचे.

भो आला. तब्येत कशी आहे वगैरे त्यानं विचारलं नाही. दारात उभा राहून माझं चमच्याचं काम बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "ऊठ तिथून."

"का?"

"नदीवर असा बसला असता तर हाकलून दिला असता तुला. केवढा हलतोस."

मला राग आला. पण उठलो. तो खाली जमिनीवर बसला, खाटेकडे पाठ करून. भिंतीशी बोलल्यासारखा बोलला. "वहिनी, शाहपूरला तुमच्या बापाच्या शेतात काय असायचं?"

तिनं डोळे उघडले. मग म्हणाली, "केळी."

"अजून?"

"बांधाला वांगी."

बस. एवढं ऐकून तो उठला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी खांद्यावर पऱ्हाट्यांचा भारा घेऊन आला. कापूस वेचून झाल्यावर शेतात ज्या काड्या उरतात त्या. पिशवीत भरताची वांगी, हिरवी, मोठी. आमच्या खिडकीखाली गल्लीतच बसला. चिमूटभर राख वर उडवली, वारा बघितला, दोन पावलं सरकला, पुन्हा उडवली. मग पऱ्हाट्या पेटवल्या आणि वांगी टाकली. समोरची बाई ओरडली, "ओ काका, घर जलाओगे क्या?" यानं ऐकलंच नाही.

मला म्हणाला, "आत जाऊन बस तिच्याजवळ. 'खा' म्हणायचं नाही. खाण्याचं नावच काढायचं नाही."

"मग काय करू?"

"काही करायचं नाही. तेच तुला येत नाही."

मी जाऊन बसलो. खिडकीतून धूर आला, मग वांग्याची साल भाजल्याचा वास आला. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास आमच्या भागातल्या माणसाला सांगावा लागत नाही. गॅसवर तो येत नाही. ती डोळे मिटून पडली होती. मी तिच्या नाकाकडे बघत होतो. खरं सांगतो, नदीवर गळाच्या दोऱ्याला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या मोरपिसाच्या काडीकडेसुद्धा मी कधी असं बघितलं नाही.

"कोणाकडे भरीत आहे?" ती म्हणाली.

मी उठणार होतो. खिडकीच्या गजांतून त्याचा हात दिसला. बस, बस.

"असेल कोणाकडे तरी," मी म्हणालो.

तिनं पुन्हा वास घेतला. मग म्हणाली, "पातीचा कांदा घाला म्हणावं. लोक आजकाल घालत नाहीत."

त्यानं बाहेर पातीचा कांदा घातला. आणला होता की शेजारून मागितला, मला माहीत नाही. मिरची, लसूण, शेंगदाणे कुटले. भाकरीचा तुकडा कुस्करून त्यात मळला. चाखला. डोळे मिटले. मान हलवली. मग अगदी लहान गोळ्या केल्या आणि मला खुणेनं बाहेर बोलावलं. गोळी माझ्या हातावर ठेवणार, तर माझा हात धरून नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

त्याचा एक नियम सांगायचा राहिला. नदीवर जायच्या दिवशी तो हाताला साबण लावायचा नाही. मासा चाऱ्याला नाही म्हणत नाही, हाताला म्हणतो, असं त्याचं म्हणणं. माझ्या हाताला इंदूरच्या दवाखान्याचा वास होता. तिथून आल्यापासून दर वेळी तिला हात लावायच्या आधी मी तिथल्या जंतुनाशक औषधानंच हात धूत होतो. डॉक्टरनं सांगितलं होतं आणि माझं काही चुकलं नव्हतं. पण भो म्हणाला, "ती तुला नाही म्हणत नाही रे. इंदूरला म्हणते." पऱ्हाट्यांची कोमट राख घेऊन त्यानं माझे दोन्ही हात चोळले, पाणी ओतलं, पुन्हा चोळले. लहान पोराचे धुवावेत तसे. म्हणाला, "तोंडाशी न्यायचं नाही. चादरीवर हात ठेव, उघडा. आणि दुसरीकडे बघ."

मी तसंच केलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. तळहातावर गोळी. मग दोन बोटं लागली तळहाताला, पाखरासारखी, आणि गोळी गेली.

मी बघितलं नाही. बघायचं नव्हतं.

"हात कुठं घातले होते?" ती म्हणाली. "चुलीत?"

त्या दिवशी तीन गोळ्या खाल्ल्या. उरलेलं भरीत टाकवेना, म्हणून मी भाकरी घेऊन तिथंच तिच्यासमोर बसून खाल्लं. सगळं. कितीतरी दिवसांनी पोटभर. खिडकीबाहेर भो पऱ्हाट्या विझवत होता. आत आला नाही. सुनेनं चहा नेऊन दिला, तर म्हणाला, "कामावर असताना मी चहा घेत नाही."

मग तो रोज यायला लागला. कधी वांगं, कधी नुसती ज्वारीची भाकरी निखाऱ्यावर, कधी भाजलेली मिरची, जिच्या ठसक्यानं सगळी गल्ली खोकायची. गल्लीतल्या बायका आधी कुरकुरल्या. मग त्याच पऱ्हाट्या आणून द्यायला लागल्या. रोज ती घ्यायची असं नाही. न घेतलं की मी रडवेला व्हायचो. हा म्हणायचा, "आज पाणी थंड आहे. उद्या बघू." घेतलं की मी जेवायचो, तिच्यासमोर बसून. ती बघत राहायची.

एक दिवस खिडकीतून वास आला आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी कॅलेंडरकडे बघत हात उघडा ठेवून बसलो. बराच वेळ. तळहातावर गोळी वाळली. बाहेर पाणी ओतल्याचा चर्रकन आवाज आला. यानं आग विझवली होती.

मी बाहेर गेलो. तो पिशवी आवरत होता. म्हणाला, "आता नको."

"म्हणजे?"

"आता नको आणायचं काही."

"उपाशी मारू का तिला?" मी ओरडलो. गल्लीत ओरडलो. "तुझं काय जातं? तुझी कोण आहे ती?"

तो रागावला नाही. पिशवीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "उपाशी नाही ती," म्हणाला. "झालंय तिचं. तू हात तसाच ठेव. रिकामा ठेव, पण ठेव."

मी ठेवला. तिनं धरला. पुढं जे झालं ते सगळ्यांच्या घरात होतं, त्याचं काय लिहायचं.

दहाव्याला तो घाटावर आला नाही. तेरवीलाही नाही. लोक बोलले. मी नाही बोललो. मला माहीत होतं, त्याला गर्दीत बसता येत नाही. महिना-दीड महिन्यानं मीच नदीवर गेलो. काठी नेली नव्हती. तो नेहमीच्या जागी होता. मी शेजारी बसलो. त्यानं बघितलं, सरकून जागा दिली, पुन्हा पाण्याकडे बघू लागला.

मला एकच विचारायचं होतं. घरात दुसरं कोणी खरं सांगणारं नव्हतं. मुलगा म्हणायचा, "आई ने अच्छे से खाया शेवटी, बाबा." सून डोळे पुसायची. भो खोटं बोलत नव्हता. त्याला जमतच नव्हतं, एवढ्यापायी कारखान्यात त्याचं प्रमोशन राहिलं.

"भो, एक सांग. तिला भूक लागली होती का?"

"पहिल्या दिवशी. थोडी."

"आणि मग?"

"मग नव्हती."

"मग खात होती ती?"

त्यानं दोरा थोडा ओढला, सोडला. म्हणाला, "तिसऱ्या का चौथ्या दिवशी तू आत पाणी आणायला गेला होतास. वहिनीनं मला खिडकीशी बोलावलं. म्हणाली, भाऊजी, मला चव कळत नाही. पण तुम्ही आणत जा. मी एक घेतला की हे चार घास खातात. नाही तर हे माझ्या आधी जातील."

समोर पलीकडच्या काठाला एक माणूस म्हैस धूत होता.

"तुला सांगायचं नाही म्हणाली होती," तो म्हणाला. "पण तू विचारलंस."

म्हणजे तो रोज पऱ्हाट्या वाहून आणायचा ते कोणासाठी, हे मला तिथं कळलं. मी तिच्या नाकाकडे बघत बसायचो, आणि ते दोघं मिळून माझ्याकडे बघत होते. तिला एकेक गोळी गिळायला किती त्रास होत असेल. आणि मी भाकरी मोडत होतो तिच्यासमोर. खुशीत.

मी म्हणालो, "सांगायला नको होतंस."

"हो," म्हणाला.

त्या दिवशी त्याला काही मिळालं नाही. आम्ही चालत घरी आलो. सिंधीपुऱ्याच्या कोपऱ्यावर तो त्याच्या खोलीकडे वळला, मी माझ्या.

त्या थंडीत त्याला दमा वाढला. बहीण येऊन तिच्या गावी घेऊन गेली. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. खोली रिकामी करायला कोणी आलं नाही, मालकानंच केली. मी काही मागितलं नाही.

आता दिवस असा आहे की उठायचं, ओट्यावर बसायचं, पुन्हा आत यायचं. नदीवर जात नाही. सून दुपारी ताट वाढते आणि दारात उभी राहून बघते, खातात का नाही. ती बोलत नाही, पण बघते. आज गिलक्याची भाजी होती आणि दोन पोळ्या. भूक नव्हती. सगळं खाल्लं.